रडार चिप घेताना: ऑटोमोटिव्ह दर्जा की इंडस्ट्रियल?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीत एडब्ल्यूआर१८४३ आणि आयडब्ल्यूआर१८४३ शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींची फ्रिक्वेन्सी-पट्टी ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ, दोन्हींत तीन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर, एक कॉर्टेक्स-आर४एफ प्रोसेसर आणि एक सी६७४एक्स डीएसपी (सिग्नलची गणितं करणारा प्रोसेसर). ‘ए’ म्हणजे ऑटोमोटिव्ह, ‘आय’ म्हणजे इंडस्ट्रियल. ६० गिगाहर्ट्झच्या ६८४३ चीही अशीच जोडी आहे. आतली रचना इतकी सारखी असताना कोणती घ्यायची, हा प्रश्न पडला की बहुतेक टीम दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर ‘भारीतली घ्या, कटकट नको’ म्हणून ऑटोमोटिव्ह, नाहीतर ‘आपलं कुठे गाडीत जायचंय’ म्हणून इंडस्ट्रियल. दोन्ही उत्तरं चुकू शकतात. कधी कधी ऑटोमोटिव्ह चिप घेणं हीच चूक असते, आणि ती कशी ते पायरी ३ मध्ये आकड्यांनिशी दिलं आहे.

या लेखात टेक्सासची जोडी नमुना म्हणून घेतली आहे. इन्फिनिऑनच्या ६० गिगाहर्ट्झ चिपांनाही हाच क्रम लावता येईल. तिथे घरगुती उपकरणांच्या दर्जाची एक तिसरी पायरीही असते आणि तिची तापमान-मर्यादा इंडस्ट्रियलपेक्षाही तोकडी असते, एवढं ध्यानात ठेवा.

‘दर्जा’ म्हणजे नेमकं काय विकत घेतो

एईसी-क्यू१०० हा वाहनांसाठीच्या आयसींचा चाचणी-आराखडा आहे. त्यातली मुख्य आयुष्य-चाचणी अशी: तीन वेगवेगळ्या उत्पादन-लॉटमधून प्रत्येकी ७७ चिप, १००० तास, जास्त तापमानात चालू स्थितीत, आणि एकही बिघाड चालत नाही. गंमत म्हणजे इंडस्ट्रियल चिपांसाठी वापरला जाणारा जेईडीईसी या मानक-संस्थेचा जेईएसडी४७ हा आराखडाही तीन लॉट, ७७ नग आणि १००० तास असंच मागतो. इंडस्ट्रियल चिप म्हणजे चाचणीत नापास झालेली ऑटोमोटिव्ह चिप, हा समज काढून टाकावा. फरक पडतो तो तापमानाच्या टोकांमध्ये, तापमान-चक्रांच्या संख्येत, सुरुवातीच्या बिघाडांच्या तपासणीत (तीन लॉट, प्रत्येकी ८०० नग) आणि त्यानंतरच्या कागदपत्रांत.

दुसरी गोष्ट, ‘एईसी-क्यू१०० प्रमाणित’ असं काही नसतं. प्रमाणपत्र देणारी संस्थाच नाही. उत्पादक स्वतः चाचण्या करतो आणि निकाल जाहीर करतो. म्हणून वितरकाकडे ‘सर्टिफिकेट’ मागण्याऐवजी पात्रता-चाचणीचा अहवाल मागा. तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

पायरी १: आधी कायदा बघा

दर्जाच्या आधी पट्टी ठरते आणि पट्टी अभियंता ठरवत नाही, ती त्या देशाचं सरकार ठरवतं. सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात, कारण त्या प्रोटोटाइप चालल्यानंतर उघडकीला येतात.

अमेरिकेत ७६–८१ गिगाहर्ट्झ ही पट्टी वाहनांवरच्या रडारसाठी आणि विमानतळाच्या धावपट्टी-परिसरातल्या रडारसाठी आहे. कारखान्यातल्या रोबोभोवती माणूस आला का, हे बघायला ती सर्रास वापरता येत नाही. टाकीतली पातळी मोजणाऱ्या, खाली तोंड करून बसवलेल्या रडारला ७५–८५ गिगाहर्ट्झची वेगळी सवलत आहे. युरोपातही वाहन, रस्त्याकडेची स्थिर यंत्रणा, रेल्वे फाटक आणि पातळीमापक यांची मानकं वेगवेगळी आहेत. म्हणून इंडस्ट्रियल दर्जाची आयडब्ल्यूआर१८४३ मिळते याचा अर्थ ती कुठल्याही इंडस्ट्रियल कामाला वापरायची मुभा आहे, असा होत नाही. चिपवरचं ‘इंडस्ट्रियल’ हे तापमानाबद्दल आणि चाचण्यांबद्दल बोलतं, परवान्याबद्दल नव्हे.

कारखाना, इमारत, दवाखाना यांसाठी बहुतेक देशांत ६० गिगाहर्ट्झची पट्टी सोयीची ठरते. पण भारतात हे गृहीत धरू नका. २०१९ मध्ये गूगलचा पिक्सेल ४ भारतात विक्रीला आलाच नाही. त्यात सोली नावाचं ६० गिगाहर्ट्झ रडार होतं आणि त्या पट्टीची परवानगी न मिळणं हेच कारण तेव्हा सांगितलं गेलं. भारतात ७६–७७ गिगाहर्ट्झ ही पट्टी कमी प्रक्षेपण-क्षमतेच्या रडारसाठी परवानामुक्त आहे. बाकी पट्ट्यांसाठी दूरसंचार विभागाची चालू अधिसूचना काढून स्वतः वाचा. कमाल क्षमता, वापराची जागा (फक्त इमारतीत की बाहेरही) आणि कशासाठी, या तीन अटी प्रत्येक अधिसूचनेत शोधायच्या. त्यानंतर उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मंजुरी लागते, तिचा अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो.

२४ गिगाहर्ट्झचा पर्यायही पुष्कळदा पुढे येतो, कारण सुटे भाग आणि पीसीबी दोन्ही स्वस्त पडतं. पण तिथे वापरता येणारी रुंदी जेमतेम २५० मेगाहर्ट्झ. अंतराचं पृथक्करण (दोन वस्तू वेगळ्या दिसायला त्यांच्यात लागणारं किमान अंतर) म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले रुंदीची दुप्पट, म्हणजे २५० मेगाहर्ट्झला ६० सेंटिमीटर. १ गिगाहर्ट्झ मिळाले तर १५ सेंटिमीटर, ४ मिळाले तर पावणेचार. रुंद पट्टीची २४ गिगाहर्ट्झ रडारं युरोपात २०२२ पासून बंद आहेत, तेव्हा जुनी डेटाशीट बघून भुलू नका.

अंतराबद्दल एक वाक्य: ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजन दर किलोमीटरला साधारण १५ डेसिबल शोषतो. २० मीटरपर्यंत बघायचं असेल तर जाऊन-येऊन ०.६ डेसिबल, म्हणजे काहीच नाही. २०० मीटरला मात्र ६ डेसिबल जातात आणि तिथे ७७ गिगाहर्ट्झच हवं.

पायरी २: जंक्शन तापमानाचा हिशोब

एईसी-क्यू१०० च्या श्रेणी भोवतालच्या तापमानावर लावतात: श्रेणी १ म्हणजे १२५ अंशांपर्यंत, श्रेणी २ म्हणजे १०५, श्रेणी ३ म्हणजे ८५, आणि तळ सगळ्यांचा उणे ४०. टेक्सासच्या या रडार चिपांच्या डेटाशीटमधला आकडा मात्र जंक्शनचा, म्हणजे सिलिकॉनच्या आतल्या तापमानाचा आहे. एडब्ल्यूआरला १२५ अंश, आयडब्ल्यूआरला १०५. ‘१२५’ वाचून श्रेणी १ समजणं आणि बॉनेटखाली १२५ अंशांत चिप ठेवणं हा नेहमीचा गोंधळ आहे.

हिशोब सोपा आहे: जंक्शन = डब्यातली हवा + (चिपची वीज × उष्णता-रोध). ही चिप कामाच्या प्रमाणानुसार साधारण १ ते २ वॅट घेते. उष्णता-रोधाचा डेटाशीटमधला आकडा प्रमाणित चाचणी-बोर्डावरचा असतो. लहान बोर्ड आणि बंद प्लॅस्टिकच्या डब्यात तो वाढतो. इथे ३० अंश प्रति वॅट धरू.

चंद्रपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४६ अंश, डबा उन्हात. उन्हाने आत १८ अंशांची भर पडली तर डब्यातली हवा ६४ अंश. चिप १.६ वॅट घेत असेल तर जंक्शन ६४ + ४८ = ११२ अंश. आयडब्ल्यूआरची मर्यादा ७ अंशांनी ओलांडली. एडब्ल्यूआरला अजून १३ अंश शिल्लक. इथे लोक लगेच ऑटोमोटिव्हकडे वळतात. थांबा, अजून दोन स्वस्त उपाय आहेत.

पहिला उपाय फ्रेममध्ये. समजा फ्रेम, म्हणजे मोजणीची एक फेरी, ५० मिलिसेकंदांची आहे, तीन ट्रान्समीटर पाळीपाळीने, प्रत्येकी १२८ चर्प (फ्रिक्वेन्सी चढत जाणारे छोटे सिग्नल), प्रत्येक चर्प ६० मायक्रोसेकंद. म्हणजे २३ मिलिसेकंद चिप प्रक्षेपण करते, ४६ टक्के वेळ. चर्प ६४ केले तर २३ टक्के. मोबदल्यात ६० गिगाहर्ट्झ चिपवर वेगाचं पृथक्करण ०.१ मीटर प्रति सेकंदावरून ०.२ वर जातं आणि ३ डेसिबल सिग्नल कमी होतो. किंवा १२८ चर्प तसेच ठेवून फ्रेम १०० मिलिसेकंदांची करा: प्रमाण तेच २३ टक्के, पृथक्करण शाबूत, फक्त माहिती सेकंदाला २० ऐवजी १० वेळा येईल. गोदामातल्या माणसाच्या चालीसाठी १० वेळा भरपूर झालं. यातून सरासरी वीज १ वॅटच्या आसपास आली तर जंक्शन ९४ अंश आणि आयडब्ल्यूआर बिनघोर चालते.

दुसरा उपाय डब्यात: पांढरा रंग, वर हवा खेळेल असं छत्र, आणि चिपच्या पाठीमागून बोर्डाच्या तांब्यातून मागच्या अॅल्युमिनियमच्या कवचाकडे उष्णता काढणारा थर्मल पॅड. चिपच्या पोटाखाली जमिनीच्या (ग्राउंडच्या) थरांना जोडणारे व्हाया, म्हणजे तांब्याचं अस्तर असलेली छिद्रं, कमी टाकले तर पॅडचा काही उपयोग नाही.

कागदी हिशोबावर थांबू नका. चिपमध्ये ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि डिजिटल भागाशेजारी तापमान-सेन्सर आहेत, त्यांचं वाचन सॉफ्टवेअरमधून मिळतं. ओव्हनमध्ये पूर्ण डबा ठेवून, अंतिम फर्मवेअर चालवून दोन तासांनी वाचन घ्या. हे सेन्सर काही अंश चुकतात, म्हणून १० अंश हातचे राखा. डेमो फर्मवेअरवर घेतलेलं वाचन निरुपयोगी, कारण त्यातली फ्रेम वेगळी असते.

थंडीचं टोक महाराष्ट्रात सहसा अडत नाही, पण शीतगृहात अडतं. उणे २५ अंशांत सुरू झालेली चिप तासाभरात ५० अंशांनी तापते. चालू असताना दर सेकंदाला होणारं स्वयंसमायोजन कोणी ‘वेळ वाचवायला’ बंद केलं असेल तर तापताना फ्रिक्वेन्सीची आणि क्षमतेची घडी बिघडते. ते बंद करू नका.

पायरी ३: किती तास चालायचं आहे?

सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान हेच. एडब्ल्यूआर मालिकेच्या डेटाशीटमध्ये ‘चालू तासांचं’ एक कोष्टक असतं: उणे ४० अंश जंक्शनला ६०० तास, ७५ ला २०००, ९५ ला ६५००, १२५ ला ९००. एकूण १०,००० तास, आणि तेही ५० टक्के प्रक्षेपण-वेळेसाठी. मोटारीला हे पुरतं, कारण ती आयुष्यातला बहुतेक काळ बंद उभी असते. पण साखर कारखान्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेत सेन्सर चोवीस तास चालतो, वर्षाचे ८७६० तास. सरळ भागाकार केला तर ऑटोमोटिव्ह चिपची हमी चौदा महिन्यांत संपली. उलट आयडब्ल्यूआर१४४३ सारख्या इंडस्ट्रियल चिपचं कोष्टक १०५ अंश जंक्शनला १,००,००० तास लिहितं, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त.

याचा अर्थ ऑटोमोटिव्ह चिप चौदा महिन्यांनी मरते असा नाही. ती ज्या वापरासाठी तपासली, तो वापर वेगळा आहे, एवढंच. आपल्या वापराचं रूपांतर असं करता येतं. झिजेसाठी सक्रियण-ऊर्जा (तापमानासोबत झीज किती वेगाने वाढते ते ठरवणारा आकडा) ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर ९५ अंशांचा एक तास ७५ अंशांच्या साधारण साडेतीन तासांइतका झिजवतो, आणि १२५ अंशांचा एक तास साधारण पावणेएकोणीस तासांइतका. वरचं कोष्टक ७५ अंशांत मोजलं तर:

२००० + ६५०० × ३.५५ + ९०० × १८.७ = साधारण ४२,००० तास, म्हणजे पावणेपाच वर्षं.

जंक्शन ६५ अंशांवर ठेवता आलं तर हाच आकडा जवळपास दुप्पट होतो, साडेनऊ वर्षं. उणे ४० चे ६०० तास या हिशोबात नगण्य. हा अंदाज एकाच प्रकारच्या झिजेचा आहे. ट्रान्समीटरच्या ट्रान्झिस्टरांची झीज प्रक्षेपण-वेळेवरही अवलंबून असते. म्हणून आपला वापर-तक्ता (वर्षात कोणत्या जंक्शन तापमानाला किती तास, किती टक्के प्रक्षेपण) एका पानावर लिहून उत्पादकाच्या तांत्रिक सहायकाला पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. मोठ्या ग्राहकांना ते मिळतंच. लहान टीमलाही कंपनीच्या सार्वजनिक मंचावर विचारल्यावर बहुधा मिळतं. तक्ता न जोडता ‘ही चिप दहा वर्षं टिकेल का’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच येतं.

पायरी ४: सुरक्षेचं काम आहे का?

रडारने माणूस पाहिला नाही तर कोणी जखमी होईल का? ‘नाही’ असेल तर ही पायरी वगळा. ‘हो’ असेल तर दोन वेगळी जगं आहेत. रस्त्यावरच्या वाहनांना आयएसओ २६२६२ आणि त्यातल्या एएसआयएल पातळ्या. यंत्रांना आयईसी ६१५०८ च्या एसआयएल पातळ्या किंवा आयएसओ १३८४९. ट्रॅक्टर आणि शेती-यंत्रांना आयएसओ २५११९.

एएसआयएल-बी ची चिप एसआयएल-२ च्या यंत्रात तशीच चालते, असं होत नाही. गणितं जवळची असली तरी तपासणारा माणूस आपल्या मानकाची कागदपत्रं मागतो. टेक्सासच्या ६८४३ कुटुंबात इंडस्ट्रियल बाजूलाही एसआयएल-२ पर्यंतच्या हार्डवेअर-विश्वासार्हतेचा पर्याय आहे, त्यामुळे फोर्कलिफ्टच्या सुरक्षेसाठी ऑटोमोटिव्ह चिप घ्यायलाच हवी असं नाही. मात्र एकाच नावाखाली सुरक्षा-पर्याय असलेले आणि नसलेले असे दोन्ही नग विकले जातात आणि फरक ऑर्डर-क्रमांकातल्या एका अक्षराचा असतो. डेटाशीटच्या शेवटी असलेली नामावली उघडून अक्षर-अक्षर ताडून घ्या. खरेदी विभागाला ‘६८४३’ एवढंच लिहून दिलं तर जो स्वस्त तो येईल.

सुरक्षेची चिप घेतली म्हणजे सुरक्षा मिळाली असंही नाही. सोबतच्या सुरक्षा-पुस्तिकेत कोणत्या स्वयंतपासण्या किती वेळाने चालवायच्या ते दिलेलं असतं. त्या फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळात बसवाव्या लागतात. फ्रेम आधीच ठासून भरली असेल तर त्या बसत नाहीत आणि वेळापत्रक पहिल्यापासून मांडावं लागतं. पायरी २ मधली ती २३ टक्के फ्रेम इथे दुसऱ्यांदा कामी येते.

पायरी ५: चिपभोवतालचा बोर्ड

ऑटोमोटिव्ह चिपला साध्या कपॅसिटरांच्या गराड्यात बसवलं तर बोर्ड ऑटोमोटिव्ह होत नाही. रेझिस्टर, कपॅसिटर, ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल यांना एईसी-क्यू२०० (अशा सुट्या भागांसाठीचा तसाच आराखडा) लागतं. फर्मवेअर ठेवणारी क्यूएसपीआय फ्लॅश आणि वीज-नियंत्रक आयसी त्याच दर्जाच्या हव्यात. चिपला ३.३, १.८, १.३ आणि १.२ व्होल्टच्या रेषा लागतात (१.३ ऐवजी थेट १.० देण्याचीही सोय आहे). रेडिओ भागाच्या रेषांवरची लहर (व्होल्टेजमधला चढउतार) डेटाशीटमध्ये मायक्रोव्होल्टमध्ये दिलेली आहे. मिलिव्होल्ट समजून केलेलं सर्किट चालतं, पण ठरावीक अंतरावर एक न हलणारं भूत दिसत राहतं. ते वीज-नियंत्रकाच्या स्विचिंगचं असतं. नियंत्रकाची फ्रिक्वेन्सी थोडी बदलून बघा. भूत सरकलं तर दोष तिथेच.

वीज कुठून येते यावर सगळ्यात मोठा फरक पडतो. १२ व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर चालू असताना बॅटरी सुटली तर आयएसओ १६७५०-२ नुसार ७९ ते १०१ व्होल्टचा लोंढा येऊ शकतो, अल्टरनेटरमध्येच दाबणारी सोय असेल तर ३५ व्होल्टचा. २४ व्होल्टच्या ट्रकला हाच आकडा १५१ ते २०२. कारखान्यातल्या २४ व्होल्ट एसएमपीएस वीजपुरवठ्यावर हे काहीच नसतं, तिथे लांब केबलवरचे सर्ज (विजेचे क्षणिक झटके) असतात. ट्रकचं आणि पॅनेलचं ‘२४ व्होल्ट’ एकच धरून केलेला बोर्ड पहिल्याच जोडणीत जळतो, आणि तेव्हा रडार चिपचा दर्जा काहीही असो.

पीसीबीबद्दल थोडक्यात: बोर्डावर अँटेना कोरायचा असेल तर वरचा थर रॉजर्सच्या आरओ४८३५ किंवा आरओ३००३ सारख्या साहित्याचा लागतो. एफआर४ या नेहमीच्या बोर्ड-साहित्यावर ६० गिगाहर्ट्झची रेष सिग्नल खाऊन टाकते. अँटेना पॅकेजवरच असलेल्या ६८४३ एओपी चिपला (१५ बाय १५ मिलिमीटर) साधा एफआर४ चालतो. कमी संख्येच्या उत्पादनात एओपीच परवडते: चिप महाग, पण बोर्ड आणि अँटेनाच्या फेऱ्या वाचतात.

झाकणाची जाडी पट्टीशी बांधलेली असते. पॉलिकार्बोनेटला ६२ गिगाहर्ट्झसाठी साधारण १.४ मिलिमीटर, ७८.५ साठी १.१. पट्टी बदलली की मोल्ड बदलला. अँटेनावर संरक्षक लेप फवारू नका, बोर्ड लेपाला देताना तेवढा भाग झाकायला सांगा.

पायरी ६: कागदपत्रं आणि पुरवठा

वाहन कंपनीला थेट भाग देणार असाल तर ती पीपीएपी फाइल (भागाच्या उत्पादन-मंजुरीची कागदपत्रं) मागेल, बहुधा पातळी ३. त्यासाठी खालच्या प्रत्येक आयसीचे कागद लागतात. ऑनलाइन वितरकाकडून घेतलेल्या रीलवर ते मिळत नाहीत. उत्पादकाशी खातं उघडायला महिने जातात. हे काम पहिल्या प्रोटोटाइपसोबत सुरू करा.

बदलाची पूर्वसूचना हा दुसरा मुद्दा. साध्या पुरवठ्यात उत्पादक कारखाना किंवा पॅकेज बदलण्याआधी ९० दिवसांची सूचना देतो. ऑटोमोटिव्ह करारात मुदत जास्त असते आणि ग्राहकाची संमतीही लागू शकते. सूचना तुम्हाला नाही, वितरकाला जाते, म्हणून वितरकाच्या यादीत ज्याचा ईमेल आहे तो माणूस नोकरी सोडून गेलेला नाही ना, हे वर्षातून एकदा बघा.

तीन ठिकाणी हे कसं उतरतं

*रसायन-टाकीतली पातळी.* टाकी बंद, धातूची, रडार खाली तोंड करून: ८० गिगाहर्ट्झची सवलत इथे लागू पडू शकते, पायरी १ प्रमाणे विक्रीच्या देशात तपासा. वेगाची मोजणी नको, सेकंदाला एक वाचन पुरे. अडचण विजेची आहे. वीज आणि वाचन दोन्ही वाहणाऱ्या ४–२० मिलिअँपच्या दोन तारांवर सेन्सर चालवला तर सर्वात कमी प्रवाह ३.६ मिलिअँप धरून १२ व्होल्टला हाताशी येतात ४३ मिलिवॅट. दीड वॅटची चिप काही मिलिसेकंदच चालवायची, बाकी वेळ कपॅसिटर भरायचा. ज्वालाग्राही वाफा असतील तर तो कपॅसिटर किती मोठा असावा यालाही मर्यादा येते आणि मंजुरीसाठी पेसो या स्फोटक-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेकडे जावं लागतं, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. इथे ऑटोमोटिव्ह दर्जाने काहीही मिळत नाही. लवकर सुरू होणारी इंडस्ट्रियल चिप घ्या.

*गोदामातली फोर्कलिफ्ट.* भोवताल ४५ अंशांपर्यंत, सावली, दिवसाला १६ तास. सुरक्षा-पर्याय असलेली इंडस्ट्रियल ६० गिगाहर्ट्झ चिप, पट्टीची परवानगी मिळत असेल तर. वीज फोर्कलिफ्टच्या ४८ किंवा ८० व्होल्ट बॅटरीवरून येते, तिथला मोटारीचा गोंगाट आधी ऑसिलोस्कोपवर बघा. धातूच्या रॅकमुळे येणारे खोटे प्रतिध्वनी ही खरी डोकेदुखी, आणि ती कोणत्याही दर्जाने सुटत नाही.

*बसला नंतर बसवायचा ब्लाइंड-स्पॉट सेन्सर.* रस्त्यावरचं वाहन, तेव्हा ७६–७७ गिगाहर्ट्झ आणि ऑटोमोटिव्ह चिप, वाद नको. बस दिवसाला १२ तास चालली तर वर्षाला चार हजारांवर तास होतात, म्हणजे १०,००० तासांचं कोष्टक अडीच वर्षांच्या आतच संपतं. खाजगी मोटारीचा हिशोब इथे लागत नाही. जंक्शन थंड ठेवून पायरी ३ चं रूपांतर करा आणि उत्पादकाकडून लेखी घ्या. ब्लाइंड-स्पॉट सूचनेसाठी एआयएस-१८६ आणि विद्युतचुंबकीय चाचणीसाठी एआयएस-००४ भाग ३ ही भारतीय वाहन-मानकं पहिल्या दिवशीच मिळवून वाचा. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत या चाचण्यांची सोय आहे.

ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी-यंत्रं या तीन ठिकाणांच्या अधेमध्ये पडतात: गाडीसारखी वीज, गाडीपेक्षा जास्त धक्के, हंगामात रोज १८ तास आणि नंतर सहा महिने बंद. तिथे ऑटोमोटिव्ह चिप घेणं शहाणपणाचं, मुख्यतः तापमान-चक्रांसाठी.

ऑर्डर आणि पहिली तुकडी

आधी दोन्ही दर्जांचे विकास-बोर्ड घेऊ नका. मूल्यमापनाला इंडस्ट्रियल बोर्ड पुरतो, सॉफ्टवेअर-किट जवळपास तेच आहे. कच्चा डेटा बघायचा असेल तर डीसीए१००० हे कार्ड जोडा. खोट्या प्रतिध्वनींचं निदान त्याशिवाय अंदाजपंचे होतं. अंतिम चिपवर नेताना बायनरी नव्याने बांधा आणि रेडिओ भागाच्या फर्मवेअरची आवृत्ती त्या चिपच्या आवृत्तीशी जुळवा. न जुळल्यास चिप सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन समायोजनात अडते.

अधिकृत वितरकाकडूनच घ्या. टेक्सासच्या ऑटोमोटिव्ह नगांच्या क्रमांकाला शेवटी ‘क्यू१’ असतं. बिल, रीलचं लेबल आणि चिपवरची छाप या तिन्ही ठिकाणचा क्रमांक आवक नोंदवतानाच ताडून घ्या, कारण एसएमटी लाइनवर (भाग बोर्डावर बसवणाऱ्या यंत्रांवर) गेल्यावर कोणी बघत नाही.

या बीजीए चिपा (पायांऐवजी खाली सोल्डरचे गोळे असलेल्या) ओलावा-पातळी ३ च्या आहेत: पाकीट फोडल्यापासून ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तासांत सोल्डर व्हायला हव्यात. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये वातानुकूलन नसलेल्या शॉपफ्लोअरवर आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे १६८ तास धरूच नका. उरलेल्या चिपा सुकवणीच्या कपाटात ठेवा, पाकिटातलं आर्द्रता-कार्ड रंग बदललेलं दिसलं तर बेक करा. ट्रेमधल्या चिपांना १२५ अंश चालतं. टेप-रीलवरच्यांना नाही, ती टेप वितळते, त्यांना ४० अंशांवर कित्येक दिवस ठेवावं लागतं. ओली चिप रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) आतून फुगते, बाहेरून धड दिसते आणि प्रत्यक्ष वापरात दोन महिन्यांनी एक रिसीव्हर गमावते. पहिल्या तुकडीतल्या निदान पाच बोर्डांचा एक्स-रे काढा, आणि चारही रिसीव्हरांची गोंगाट-पातळी एकमेकांशी ताडून नोंदवून ठेवा. पुढे परत आलेल्या नगाची तुलना याच नोंदीशी करायची आहे.